ठिपक्यांचा वाफा

मिठागराला पाय लागतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात ठेवायचं आणि मीठ आपोआप होतं. उन्हाला कुठे पगार द्यावा लागतो? असं म्हणणाऱ्याला एकदा मार्गशीर्षात धर्माजीच्या वाफ्यात उभं करायला हवं होतं. पावसाळाभर पाण्याखाली कुजलेला चिखल, त्यात पाय पोटरीपर्यंत जातो. तो टाचेने तुडवायचा, वाळू द्यायचा, भेगा पडल्या की पाणी शिंपडायचं आणि पुन्हा तुडवायचा. अशा सात तुडवण्या. सातवी झाली की तळ पाटासारखा घट्ट होतो आणि मग त्यात उन्हाने तापून दाट झालेलं खारं पाणी सोडायचं. तळ कुठे कच्चा राहिला तर खालची माती वर येऊन मिठात मिसळते. तसलं मीठ गुरंसुद्धा चाटत नाहीत.

चौतीस साली धर्माजीच्या घरात पाय कमी पडले. धाकटा भाऊ रामचंद्र दसरा झाल्यावर बायको आणि दोन थोरल्या मुलींना घेऊन मुंबईला गोदीत कामाला गेला. एका दिवसात चार माणसं उठली. मागे उरले धर्माजी आणि त्याची बायको बायजा. त्यांचा वाफा उघाडीजवळचा, म्हणजे भरतीचं पाणी जिथून आत घेतात तिथला, सगळ्या आगरात उजवा. धर्माजीच्या आज्याने तो खाडीकाठच्या खाजणातून, दलदल भरून काढला होता. पण आज्याने काढला म्हणून वाफा आज्याचा होत नाही. तो शेठचा. शेठ मुंबईत, आणि इथे त्याचा मुकादम बाळाजी. बाळाजी गावातलाच, जातीतलाच. तसा वाईट माणूस नव्हता. त्याला दुसऱ्याच्या अडचणीत रस नव्हता, एवढंच.

त्याने बांधावर उभं राहून सांगितलं की हा वाफा दोन माणसांचा नाही. भागोजीच्या घरात अकरा माणसं आहेत, शेठच्या मनात त्याला द्यायचा आहे. धर्माजीने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि यंदाचा एक हंगाम मागितला. बाळाजीने खाडीकडे बघत विचार केल्यासारखं केलं.

"पयली रास पांढरी निघाली आनि दरोग्यानं पास केली, तर वाफा तुझा," तो म्हणाला. "न्हाय केली, तर त्याच दिवशी भागोजीचा. मंग माझ्या दारात येऊन रडायचं न्हाय."

दरोगा म्हणजे सरकारचा मीठ तपासणारा अंमलदार. धर्माजी बरं म्हणाला.

धर्माजीचा मुलगा रघू मुंबईत इंटर सायन्सला होता. दसऱ्यापासून रामचंद्राच्याच खोलीवर राहायचा, गोदीतल्या माणसांच्या घोरण्यात अभ्यास करायचा. त्यांच्या गावात तिथवर पोचलेलं दुसरं कुणी नव्हतं. मार्च महिन्यात त्याची परीक्षा होती. नाताळची सुट्टी लागली तसा तो लाँचने मोऱ्याच्या धक्क्याला उतरला, बांधावर आल्यावर बूट काढून हातात घेतले आणि घरी आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतराचा काचा मारून तो आईबापाच्या मधे वाफ्यात उभा राहिला. रांगेला हुंकार देणारा धर्माजीचा आवाज त्या दिवशी पलीकडच्या आगरापर्यंत ऐकू जात होता.

तुडवणी तशी सोपी दिसते. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांग धरायची, म्होरक्याने हुंकार दिला की सगळ्यांनी एकदम टाच दाबायची, वीतभर सरकायचं, पुन्हा टाच. तासाभराने मांड्या थरथरतात, दोन तासांनी कमरेत कुणीतरी खुंटी ठोकली असं वाटतं. रघू लहानपणी हे सगळं हसतखेळत करायचा. पण दोन वर्षं बुटात राहून त्याचे पाय मऊ पडले होते. चिखलात कालवांची फुटकी शिंपली असतात. धर्माजीच्या टाचेला ती लागतसुद्धा नसत. रघूच्या तळव्यांना दुसऱ्याच दिवशी पाचसात चिरा पडल्या आणि त्या चिरांत खारं पाणी गेलं. तो ओठ दाबून तुडवत राहिला, पण रांगेची लय मोडू लागली.

नेमका त्या वेळी बाळाजी बांधावरून चालला होता. त्याने थांबून बघितलं.

"धर्मा, पोराला बूट घालून उतरव," तो म्हणाला. "सायब हाय तो."

आजूबाजूच्या वाफ्यांतली माणसं हसली. वाईट मनाने हसली असंही नाही. दिवसभर चिखलात उभ्या माणसाला हसायला काहीतरी लागतं. रघूही हसला. धर्माजी मात्र हसला नाही, त्याने हुंकार देऊन टाच दाबली.

त्या संध्याकाळी बायजाने उंडीचं तेल कोमट करून मुलाच्या तळव्यांना चोळलं. धर्माजी उंबऱ्यावर बसून बघत होता. मुलाच्या पायाची ती दशा बघून त्याला आपण काही पाप केल्यासारखं वाटलं. पोराला आपण चिखलातून वर काढलं आणि परत चिखलात ओढलं, असं तो बायजाला म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने दुपारी भाकर खाऊन झाली की रघूला वाफ्यात येऊ देणं बंद केलं. तू तुझं घेऊन बस, म्हणायचा. सकाळची तुडवणी तिघांनी, दुपारची दोघांनी.

रघूचं आपलं म्हणजे एक वही आणि एक जुनं इंग्रजी पुस्तक. त्याच्या कॉलेजात विलायतेहून शिकून आलेला एक प्रोफेसर होता. त्याने एक नवीनच गोष्ट शिकवली होती, जी त्या जुन्या पुस्तकात नव्हती. कुठलाही पदार्थ घ्या, पाणी घ्या, हवा घ्या, तो ज्या बारीक कणांचा बनतो त्यांच्या भोवती म्हणे त्यांहून बारीक कण असतात, आणि ते ठिपक्यांनी दाखवायचे. मधे अक्षर, भोवती ठिपके. दोन अक्षरांच्या मधे जे ठिपके येतात ते दोघांचे मिळून. ठिपक्यांचा हिशेब जुळला की पदार्थ जुळला. प्रोफेसरने बजावलं होतं की हे परीक्षेला यायचंच, हात बसेपर्यंत काढत राहा. रघूच्या वहीची चार पानं शिल्लक होती.

धर्माजी स्वतः शाळेत दोन पावसाळे गेला होता आणि पाटीवर 'ग' काढायच्या आत वाफ्यात आला होता. पण लिहिलेल्या गोष्टीचा मान त्याच्याइतका गुरुजींनीसुद्धा राखला नसता. एकदा बायजाने सुके बोंबील बाजारातून आणले ते छापील कागदात बांधलेले होते, तर हा त्या दिवशी जेवला नाही. कागद उलगडून, पुसून, त्याने आढ्याला खोचून ठेवला. रघूची वही जमिनीवर असायची आणि घर एवढंसं, त्यामुळे जाता येता पाय लागायचा. प्रत्येक वेळी धर्माजी वाकून वहीला हात लावी आणि तो कपाळाला लावी. रघू त्याला चिडवायचा की बाबा, तिच्यात नुसत्या चुका आहेत. धर्माजी म्हणायचा, चुका असल्या तरी विद्येच्या आहेत.

एकदा बायजा चुलीपुढे बसून मुलाचं काढणं बघत होती. तिच्या दोन्ही दंडांवर गोंदलेलं होतं, मधे तुळस आणि भोवती ठिपके. मुंबईला पाठवून पोराला गोंदायला शिकवतात की काय, असं तिने विचारलं. रघूला हसू आलं. मग त्याने चुलीतल्या कोळशाने जमिनीवर दोन गोल काढून तिला समजावलं.

"ह्यो एक मानूस समज. याच्या अंगनात एकच ठिपका. ह्यो दुसरा, याच्याकडं सात. पन आठ झाल्याबिगर याला चैन न्हाय. मंग पयला आपला एक त्याला देतो आनि दोघं चिकटून ऱ्हातात. त्याचंच मीठ व्हतं, आये. आपलं मीठ."

बायजाने पहिल्या गोलावर बोट ठेवलं.

"ज्याच्याकडं एकच व्हता, त्यानंच दिला?"

"व्हय."

"आनि सात असलेल्यानं घेतला."

"त्यांचा नेमच तसा हाय."

"मंग आपल्या आगरासारकाच हाय," बायजा म्हणाली आणि भाकर उलटली.

धर्माजी कोपऱ्यात पडून ऐकत होता. त्याला गोल कळले नाहीत आणि ठिपके कळले नाहीत. पण मीठ हा शब्द त्याने ऐकला. आपल्या तीन पिढ्या मीठ ओढत आल्या आणि हा पोरगा थेट मिठाच्या पोटात जाऊन बघून आला, एवढं त्याला कळलं आणि तेवढ्याने त्याचा ऊर भरून आला. पुढचं सगळं खरं म्हणजे तिथूनच झालं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी सहावी तुडवणी झाली. एकच राहिली, ती तळ जरा सुकल्यावर उद्या सकाळी. दुपारी आईबाप भाकर खायला घरी गेले आणि पाखरं बसू नयेत म्हणून रघू बांधावर बसून राहिला. वही संपली होती. पुढ्यात वाफा पसरला होता, ओलसर, गुळगुळीत, एवढी मोठी पाटी त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने बांबूची एक कामटी उचलली आणि उघाडीकडच्या कोपऱ्यात उकिडवा बसून पाणी काढलं. मग हवा. मग नवसागरातून निघतो तो नाकात जाणारा वायू. उथळ ठिपका ओल्या मातीत लगेच मिटायचा, म्हणून तो कामटी बोटभर खोल दाबू लागला. दाबली की स्वच्छ गोल भोक पडायचं. एक ओळ झाली, दुसरी झाली, तो मागे मागे सरकत गेला. कॉलेजात जे अडायचं ते इथे आपोआप सुटत होतं. त्याला फार आनंद झाला होता. इतक्या दिवसांत पाय दुखत नाहीत असं त्याला पहिल्यांदा वाटलं. शेवटी त्याने एक मोठं मीठ काढलं. एका बाजूला सोडियम, रिकामा. शेजारी क्लोरीन, भोवती आठ ठिपके.

हे सगळं उद्या पुसणार हे त्याला माहीत होतं. शेवटच्या तुडवणीत बगळ्याचं पाऊलसुद्धा शिल्लक राहत नाही, हे तो चालायला लागल्यापासून बघत आला होता. म्हणून त्याने बापाला त्याबद्दल काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू असताना तो निघाला. सांभाळून राहा म्हणाला आणि मोऱ्याच्या वाटेला लागला.

त्या दिवशी मार्गशीर्षातली अवस होती. अवसेचं उधाण यायचं होतं आणि भरतीचं पाणी साठवून तापवायच्या मागच्या तळ्यांत नवं पाणी घ्यायला जागा हवी, म्हणून तापलेलं पाणी संध्याकाळच्या आत सगळ्यांनी वाफ्यांत घ्यायचं असा बाळाजीचा हुकूम होता. धर्माजी आणि बायजा उजाडता उजाडता वाफ्यावर आले. एका टोकाकडून त्यांनी रांग धरली. दोघांचीच रांग, पण लय चांगली बसली. सूर्य द्रोणागिरीवर आला तोवर तीन कोपरे झाले आणि ती दोघं उघाडीकडच्या कोपऱ्याशी आली.

धर्माजी टाच उचलून तसाच थांबला.

साऱ्या कोपऱ्यात ओळीच्या ओळी होत्या. अक्षरं आणि ठिपके, अक्षरं आणि ठिपके. त्याने हळूच पाय मागे घेतला. बायजा म्हणाली, रघूनं काढलंय. तो म्हणाला, दिसतंय मला. बायजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग पुन्हा धरली, पण धर्माजी हलेना.

"अवो, पानी यायचं हाय," ती म्हणाली.

"विद्या हाय ती. तिच्यावर पाय देऊ?"

बायजालाही ते पटलं होतं, हीच तर अडचण. तिच्याही पायाला ते जमलं नसतं. पोराची परीक्षा दोन महिन्यांवर, आणि आईबापांनी त्याच्या अक्षरांवर टाचा द्यायच्या? मग धर्माजीनेच वाट काढली. पाटी पायाने पुसत नाहीत, पण हाताने पुसतात. त्यात पाप नाही. त्याने त्या कोपऱ्याला वाकून नमस्कार केला, गुडघ्यांवर बसला आणि मूठभर ओली माती घेऊन तळहाताने ठिपके भरू लागला. बायजा दुसऱ्या बाजूने बसली. दुपारपर्यंत दोघं गुडघ्यांवर सरकत होती. माती भरायची, तळहाताने दाबायची, पाणी शिंपडायचं, पुन्हा दाबायची. धर्माजी अंगाचा सगळा भार हातांवर टाकत होता. वरून तो कोपरा इतर वाफ्यासारखाच गुळगुळीत झाला. त्याने वरून थापटून बघितलं. आवाज जरा वेगळा आला, तो त्याने ऐकला. पण उधाण येत होतं आणि बाळाजी हाका मारत होता. चाळीस वर्षं टाच वापरलेल्या माणसाने त्या दिवशी तळहातावर विश्वास ठेवला. संध्याकाळी पाणी सोडलं.

पौष गेला, माघ गेला. ऊन चढलं. वाफ्यावर आधी साय धरली, मग दाणा. धर्माजी दिवसातून दहा वेळा बांधावर जाऊन बसायचा. दाणा टपोरा आणि पांढरा होता, बाळाजीनेसुद्धा चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि बरा आहे म्हणाला. बायजाने देवीला नारळ बोलून ठेवला. शिमगा झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी मीठ ओढायला घेतलं. लाकडी फळी लांब दांड्याने ओढत मीठ बांधाकडे आणायचं असतं. तीन कोपऱ्यांतून पांढरं मीठ सरसरत आलं. उघाडीकडच्या कोपऱ्यात फळी घातली आणि ती अडखळली. धर्माजीने जोर केला तशी मिठाखालची माती खपली निघावी तशी उचलली गेली. पाणी गढूळ झालं. तो गढूळपणा बघता बघता अर्ध्या वाफ्यात पसरला.

बायजा पाण्यात उतरली आणि मिठातून मातीचे तुकडे हातांनी वेचू लागली. तिच्या बोटांची सालटी निघाली. धर्माजी तिला थांब म्हणाला नाही. तोही शेजारी बसून वेचू लागला. दोन दिवस ती दोघं मीठ धुत होती, निवडत होती, पांढरं मीठ वर आणि मळकं खाली अशी रास लावत होती. असली रास लावणं ही लबाडी आहे हे धर्माजीला ठाऊक होतं. उभ्या आयुष्यात त्याने ती केली नव्हती, आणि त्यामुळे त्याला ती नीट करताही आली नाही.

दरोगा आला. बाळाजी छत्री धरून मागे. दरोग्याने राशीचा माथा पाहिला, मग बुटाच्या टोकाने रास मधोमध फोडली. आतलं करडं मीठ बाहेर ओघळलं. त्याने मूठभर मीठ पितळी लोट्यात घातलं, पाणी ओतलं, हलवलं आणि लोटा धर्माजीपुढे धरला. तळाशी बोटभर गाळ बसला होता. दरोग्याने शिपायाला हात केला. नापास मीठ ठेवता येत नाही, खाता येत नाही, कुणाला देता येत नाही. ज्याने काढलं त्याने ते शिपायासमोर परत खाडीत टाकायचं असतं.

बाळाजी गुरकावला नाही. त्याने फक्त विचारलं की तळ कच्चा कसा राहिला. बायजाने नवऱ्याकडे पाहिलं. धर्माजी खाली बघत होता.

"माझे गुडघे गेले व्हते त्या दिवशी," तो म्हणाला. "शेवटचा कोपरा तुडवलाच न्हाय मी. आळस केला."

आळस. आगरात धर्माजीला लोक शंभर नावं ठेवत असतील, पण हे नाव कुणी ठेवलं नव्हतं. ते त्याने सगळ्यांच्या देखत स्वतःला ठेवलं. बायजाला खरं सांगायचं होतं, पण तिने रिकामी टोपली उचलली.

रघू आला तो त्याच दुपारी. परीक्षा संपली होती. पेपर बरे गेले होते, मात्र त्या ठिपक्यांवर एकही प्रश्न आला नव्हता. परीक्षकांना ती नवी विद्या ठाऊक तरी होती की नाही कोण जाणे. सगळं जुन्या पुस्तकातलं. लाँचमध्ये त्याला त्याचं हसू येत होतं आणि बापाला हे कसं सांगून हसवायचं ते तो मनात जुळवत होता. बांधावर आला तेव्हा त्याला आईबाप दिसले. डोक्यावर टोपल्या, चिखलातून एकामागे एक खाडीकडे चाललेले. शिपाई खाडीच्या काठी दगडावर बसून विडी ओढत होता. धर्माजीने टोपली पाण्यात उपडी केली. मीठ क्षणभर पाण्यात पांढरं दिसलं आणि गेलं.

रघूने बूट काढले, रिकामी टोपली उचलली आणि तो राशीकडे गेला. तिघांनी दिवस मावळेपर्यंत मीठ वाहिलं. शेजारच्या वाफ्यांतली माणसं काम थांबवून उभी होती. ह्या खेपेला कुणी हसलं नाही, आणि तेच सहन होत नव्हतं. घरी आल्यावर बायजाने एवढंच सांगितलं की वाफा गेला, बाबांचे गुडघे दुखत होते, शेवटची तुडवणी राहिली. बापाचे गुडघे दुखत असताना आपण मुंबईत होतो, असं रघूच्या मनाला लागलं. त्याला ते खरंच वाटलं.

चौथ्या दिवशी भागोजी घरी आला. सहा मुलगे, तीन सुना, मोठं खटलं, पण माणूस सरळ. दारातच उभा राहिला. वाफा मी मागितला नव्हता, म्हणाला. धर्माजी म्हणाला, मला माहीत आहे. मग भागोजीने चाचरत सांगितलं की पाणी काढून टाकलंय, तळ उन्हात वाळलाय. अजून दोन महिने ऊन आहे, पुन्हा तुडवून एक पीक निघेल. तुम्हाला त्या वाफ्याची नस माहीत, तुम्ही आणि रघू रांगेत याल का, रोजाने? बोलताना त्याला घाम फुटला होता. धर्माजीने बायजाकडे न बघता हो म्हटलं. पाय होते, आणि पायांना दुसरं काय येत होतं.

सकाळी भागोजीची माणसं घागरी घेऊन बांधावर उभी होती. रघू सगळ्यांच्या आधी खाली उतरला. वाळलेला तळ करडा पडला होता. उघाडीकडच्या कोपऱ्यात पोचला आणि तिथे तो बसलाच.

साऱ्या कोपऱ्यात पांढरे ठिपके होते. वर बसवलेल्या मातीची खपली फळीने निघून गेली होती आणि खाली प्रत्येक भोकात मीठ भरून राहिलं होतं, भोवतीची माती फुगून फुटली होती, अक्षरांच्या रेघांतही मीठ धरलं होतं. पाणी होतं. हवा होती. शेवटी मोठा सोडियम, रिकामा, आणि शेजारी क्लोरीन. त्याने ठिपके मोजले. आठ होते.

त्याने मान वर केली. धर्माजी बांधावर उभा होता.

"बाबा, हितं तुमी पाय लावलाच न्हाय."

"न्हाय."

"का?"

"तुझं लिवलेलं व्हतं," धर्माजी म्हणाला. "हातानं बसवलं. मला वाटलं, बसंल."

रघूला ओरडावंसं वाटलं. ती विद्या नव्हती, सरावासाठी गिरगटलेलं होतं, पुसायलाच काढलं होतं, कॉलेजात असे शंभर कागद रोज केराच्या टोपलीत जातात. पण हे सांगितलं तर मग वाफा कशापायी गेला? बापाला तेवढंही उरलं नसतं.

धर्माजी बांधाच्या कडेला येऊन हळू आवाजात, भागोजीच्या माणसांना ऐकू जाऊ नये असं विचारू लागला.

"परीक्षेला आलं व्हतं का रे ते?"

"आलं व्हतं," रघू म्हणाला. "पयलाच सवाल."

"लिवलंस?"

"समदं."

"मंग झालं," धर्माजी म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांत न दिसलेलं समाधान आलं. रघूला त्याच्याकडे बघवेना.

भागोजीच्या सुनांनी पाणी शिंपडलं. माती नरम झाली, ठिपके विरघळू लागले. रांग लागली. भागोजीने धर्माजीला हाक मारली, पण तो बांधावरच उभा राहिला. रघूने दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर हात टाकले, हुंकार आला, आणि त्याने टाच उचलून रिकाम्या सोडियमवर दाबली. मग वीतभर सरकून क्लोरीनवर. त्याचे पाय पुन्हा मऊ झाले होते, शिंपली लागत होती. धर्माजीने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि खाडीकडे तोंड केलं. तो कोपरा पुरा होईपर्यंत तो पाठ फिरवून उभा होता. मग खाली उतरला आणि रांगेच्या शेवटी जागा धरली.